सण धरायचा की सोडायचा?

“सण नाही जी यंदा आमच्याकडं.” गोंदिया जिल्ह्यातल्या गावात दिवाळीच्या आठवड्यात हे वाक्य कानावर आले, की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. त्या घरातले माणूस वर्षाच्या आत गेले आहे, एवढे त्याला कळते. आकाशकंदील टांगलेला नसतो, कढई चढलेली नसते, अंगणात सडा असतो पण रांगोळी नसते. संध्याकाळी शेजारीण ताटलीत चकल्या-करंज्या झाकून आणते, लेकरांच्या हातात देते आणि घटकाभर बसून राहते. काय करायचे, काय टाळायचे आणि कधीपर्यंत टाळायचे, हे त्या घराला ठरवावे लागत नाही. ते गावाने कधीच ठरवून ठेवलेले असते.

दोन महिन्यांनी नाताळ येतो, तेव्हा याच जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांपुढे मात्र प्रश्नांची रांग लागते. तारा लावायचा का? लावला तर लोक काय म्हणतील, नाही लावला तर पोरांना काय सांगायचे? आईच्या हातच्या करंज्यांची सवय लागलेल्या घरात यंदा पारी कोणी लाटायची? कॅरोल गाणारी मंडळी फाटकाशी आली तर दार उघडायचे, की ओसरीचा दिवा मालवून आत बसायचे? चर्च नाताळ साजरा करायला मनाई करत नाही आणि करायलाच हवा अशी सक्तीही करत नाही. उरतो तो घरच्यांचा निर्णय. तो नेमका अशा महिन्यात घ्यावा लागतो, जेव्हा काही ठरवण्याची ताकद कोणातच नसते.

नाताळातले दुःख हा विषय पाश्चात्त्य पुस्तकांत आणि सिनेमांत इतका घोळवला गेला आहे, की तो त्यांचाच वाटावा. पण जवळचे माणूस गेल्यावर सणाचे काय करायचे, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे गोंदियासारख्या एका जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदतात. ती एकत्र मांडून पाहिली, की नाताळची अडचण नेमकी कुठे आहे ते उमगते.

रुळांवरून आलेली वस्ती

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख २२ हजार लोकसंख्या, भाताची शेती आणि राइस मिल. यात ख्रिस्ती माणसांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. नागपूर भागात स्कॉटिश मिशनचे काम स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ च्या सुमारास सुरू केले. पुढे भंडाऱ्यातही मिशनचे ठाणे झाले. गोंदियाला मोठे केले ते रेल्वेने. नागपूर–राजनांदगाव मार्ग १८८० च्या दशकात सुरू झाला, बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद करून हावड्याच्या दिशेला नेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडची आणि नागभीडकडची छोटी लाइन येऊन मिळाली. जंक्शन झाले, तशी रेल्वेच्या नोकरीत देशभरातून माणसे आली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती.

मराठी ख्रिस्ती साहित्यातला सर्वांत गाजलेला रेल्वेप्रवासही याच मार्गावरचा. १८९० च्या दशकाच्या आरंभी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले, कवितेवर आणि धर्मावर गप्पा झाल्या आणि उतरताना वॉर्ड यांनी टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ती गाडी गोंदियावरूनच जाते.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. येशूच्या जीवनावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना लेखनाची रीतसर तालीम नव्हती. तरी पुढचे अध्याय त्या लिहीत राहिल्या. १९३६ मध्ये त्याही गेल्या आणि मुलगा देवदत्त यांच्या हातून तो ग्रंथ वाचकांपुढे आला. जाण्याआधीच्या वर्षांत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली. नवऱ्याचे भोळेपण, त्याचा संताप, त्याने घर सोडून जाणे, पोरांची आजारपणे, सगळे त्यांनी मिश्कीलपणे सांगितले. गेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात न बसवता घरातच वावरू द्यायचे, हे मराठीत इतक्या मोकळेपणी कोणी क्वचितच केले असेल. शोकाचा हा एक मार्ग झाला: गेलेल्याचे अर्धे राहिलेले काम हाती घेणे. पण ही वाट लक्ष्मीबाईंनी स्वतः शोधली होती. समाजाने त्यांना ती आखून दिलेली नव्हती.

गोंदियातल्या ख्रिस्ती घरांची अडचणही तीच. प्रोटेस्टंट-कॅथलिक, मराठी-तेलुगू-मल्याळी-हिंदी बोलणारे, निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले असे लोक थोड्या संख्येने एका गावात असले, की देव एक असतो, पण दुखवट्याची रीत एक नसते.

गोव्यात असे नाही. तिथल्या कॅथलिक घरांत जवळचे माणूस गेल्यावर वर्षभर काळे कपडे घालण्याची, लग्नकार्यात न मिसळण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या होती. नाताळात दुखवट्याचे घर गोडधोड करत नाही. दोदोल, नेवऱ्या, बेबिंका शेजाऱ्यांकडून येतात. आपल्या दिवाळीतल्या झाकलेल्या ताटलीची ही ख्रिस्ती बहीणच. शिवाय कॅथलिक पंचांगात २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस आहे. त्या दिवशी थडगी धुतली जातात, मेणबत्त्या लागतात, नावे घेऊन मिस्सा होते. म्हणजे नाताळला पन्नासेक दिवस असताना एक दिवस रडण्यासाठी राखून ठेवलेला असतो. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थनेची ही रीत नाही. तिथे दुःख आणि सण यांची गाठ थेट डिसेंबरात पडते.

शेजारच्या अंगणांत

जिल्ह्यातल्या हिंदू घरांचे वेळापत्रक सर्वांना तोंडपाठ असते. दहा दिवस सुतक, तेरवीला सोयऱ्यांचे जेवण, मग वर्षश्राद्धापर्यंत सण नाही. मात्र याच वर्षात गेलेल्या माणसासाठी वेगळे दिवसही नेमलेले आहेत. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात. भाद्रपदातल्या पितृपक्षात तिथीला पान वाढतात. पोवार घरांत सणाच्या दिवशी चुलीतल्या विस्तवावर पूर्वजांच्या नावाने अन्न अर्पण करतात, त्याला बिरानी म्हणतात. घरातल्यांनी जेवायच्या आधी गेलेले जेवतात. पहिल्या वर्षी सण बंद असतो, आणि तो परत सुरू होतो तेव्हा गेलेला माणूस त्यात वाटेकरी झालेला असतो. मधल्या काळात त्याचे स्थान बदलते: घरातून निघून गेलेला तो पितर म्हणून सणाला येतो.

गोंड समाजात हे स्थानांतर आणखी ठळक आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादेतल्या राजगोंडांवर जे काम केले, त्यात कुळातल्या मृतांना ‘पेर्सा पेन’ या कुलदेवतेत सामावून घेण्याच्या विधींचे तपशीलवार वर्णन येते. गोंदियाच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळच्या कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. गुहेत कोंडलेल्या कली कंकालीच्या लेकरांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी सोडवले, ही तिथली मूळ कथा. त्या कथेत गुहेच्या तोंडावरची शिळा हटवताना हिरासुका पाटालीर हा वादक तिच्याखाली चिरडला जातो. सुटकेचा आनंद आणि सोडवणाऱ्याचा मृत्यू एकाच कथेत गोवलेले आहेत आणि यात्रेकरू दोन्हींसाठी जमतात.

गोवारी समाजाच्या वाट्याला ही गाठ कथेतून नव्हे, इतिहासातून आली. गुरे राखणाऱ्या या समाजाचा मोठा सण दिवाळीचाच. गायगोधन, ढालीची पूजा, कवड्यांचा साज, घुंगरू आणि वाजंत्रीच्या तालावर गावभर नाच. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आरक्षणाच्या मागणीसाठी नागपूरच्या विधान भवनावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी मेले. त्यांत बाया आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती. दिवाळी होऊन तीनेक आठवडेच झाले होते. भंडारा-गोंदियाच्या कित्येक गावांत ढाल नाचवून हात विसावले नव्हते, तोच प्रेते आली. नागपुरात झिरो माइलजवळ या शहिदांचे स्मारक आहे आणि दरवर्षी २३ नोव्हेंबरला लोक तिथे जमतात. ढाल मात्र थांबली नाही. दिवाळीत नाचायचे आणि काही दिवसांनी स्मारकावर जायचे, अशी दोन्ही कामे या समाजाने एकापाठोपाठ लावून घेतली आहेत.

बौद्ध समाजाने तर जुना नियम जाणूनबुजून मोडला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यानंतर अवघ्या त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबच गेले. नव्या धर्माचा पहिला हिवाळा लाखो घरांनी पोरकेपणात काढला. पुढे त्यातूनच नवी रीत घडली: घरातल्या मृत्यूनंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, आणि समाजासाठी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. एकाच वर्षातला उत्सव आणि एकाच वर्षातला आघात, दोन्ही कॅलेंडरवर कायमचे कोरले गेले. जुनी रीत सोडली तर नवी रीत हाताने घडवावी लागते, हे या समाजाने पुरते ओळखले होते.

मुस्लिम घरांत शोकाची मुदत सर्वांत थोडी. शरियतनुसार तीन दिवस. अपवाद विधवेचा, तिला चार महिने दहा दिवसांची इद्दत. ईद सोडायला धर्म सांगत नाही. नमाज झाल्यावर अनेक जण कब्रस्तानात जाऊन फातिहा पढतात आणि मग घरी येऊन शीरखुर्मा होतो. तरीही उपखंडात बऱ्याच घरांत मृत्यूनंतरची पहिली ईद नव्या कपड्यांवाचून जाते आणि नातेवाईक भेटायला येतात. मौलवी हे धर्मात नाही म्हणून सांगत राहतात. लोक येत राहतात.

आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, १९७२ साली वसलेली नॉरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. थंडीत स्वेटर विकायला शहरोशहरी पांगणारी आणि फेब्रुवारी-मार्चच्या लोसारला, म्हणजे नववर्षाला, घरी परतणारी ही माणसे. तिबेटी रीतही आपल्यासारखीच: घरात मृत्यू झाला असेल तर त्या वर्षी लोसार साजरा होत नाही. २००८ च्या मार्चमध्ये तिबेटात उठाव झाला आणि अनेक माणसे मारली गेली. तेव्हा हीच घरगुती रीत एका देशाने उचलली. २५ फेब्रुवारी २००९ चा लोसार साजरा करू नये, अशी हाक जगभरच्या तिबेटी लोकांत गेली. मेलेली माणसे ओळखीची नव्हती, पण अनेकांनी एकाच वेळी सण सोडला. सण न करणे हीसुद्धा सार्वजनिक कृती असते, आणि ती चीन सरकारलाही ऐकू गेली.

डिसेंबरचे परदेश

नाताळ ज्या देशांत सर्वांत मोठा, तिथेही ही बाब सुटलेली नव्हती. १४ डिसेंबर १८६१ रोजी राणी व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट विंडसरच्या राजवाड्यात बेचाळिसाव्या वर्षी गेला. इंग्लंडच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत नाताळचे झाड रुजवण्यात याच जोडप्याचा मोठा हात होता. राणीने विंडसरचा नाताळ सोडला. पुढची जवळपास चाळीस वर्षे ती डिसेंबर सरता सरता वाइट बेटावरच्या ऑसबोर्न वाड्यात जात राहिली आणि काळा पोशाख तिने मरेपर्यंत उतरवला नाही. सण तोच ठेवायचा पण जागा बदलायची, हा तिचा तोडगा. तो तिला परवडत होता.

त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकी कवी लाँगफेलो यांची पत्नी कपड्यांनी पेट घेतल्याने गेली. दोन वर्षांनी, १८६३ च्या नाताळच्या दिवशी, यादवी युद्धात मुलगा जखमी होऊन घरी आलेला असताना त्यांनी चर्चच्या घंटांवर कविता लिहिली. आज तिचे गाणे होऊन ती नाताळात आनंदाने म्हटली जाते.

पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला एक ताट जास्त मांडतात. अवचित आलेल्या पाहुण्यासाठी, आणि अनेक घरांत गेलेल्या माणसाच्या आठवणीत. ही रीत महाराष्ट्रानेही पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारने सायबेरियात आणि मध्य आशियात हद्दपार केलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार जणांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत आसरा मिळाला. बहुतेक बाया आणि मुले. क्वचितच एखादे कुटुंब धड होते: कोणाचा बाप युद्धावर, कोणाची आई वाटेत उपासमारीने वा तापाने गेलेली. छावणीत त्यांचे चर्च होते, शाळा होत्या. पंचगंगेच्या काठी, डिसेंबरच्या कोवळ्या थंडीत, बर्फाचा मागमूस नसताना त्यांनी लागोपाठ पाच नाताळ काढले. रिकामे ताट एरवी प्रतीक असते. तिथे ते रिकामे ठेवायला जागा तरी पुरली असेल का, असा प्रश्न पडतो.

फिनलंडमध्ये नाताळच्या संध्याकाळी कुटुंबे दफनभूमीत जाऊन थडग्यांवर मेणबत्त्या लावतात आणि मग जेवायला घरी येतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत गेल्या काही दशकांत २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, वेगळी उपासना ठेवणारी चर्चे वाढली आहेत. ज्यांना आनंदाची गाणी झेपत नाहीत त्यांनी यावे, मेणबत्ती लावावी, हवे तर रडावे. गोव्यात २ नोव्हेंबर आणि आपल्याकडे पितृपक्ष जे काम करतो, ते या उपासनेने अलीकडे हाती घेतले आहे. रीत सुटली तिथे समाजाला ती पुन्हा रचावी लागली.

वर्षाचा हिशेब

मानसशास्त्राने या विषयात बराच प्रवास उलट दिशेने केला. १९१७ च्या निबंधात सिग्मंड फ्रॉइड यांनी शोकाचे काम म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणे, असे मांडले. जानेवारी १९२० मध्ये त्यांची मुलगी सोफी फ्लूने गेली. नऊ वर्षांनंतरही ती जागा भरत नाही, हे त्यांनी पत्रात एका मित्राला कबूल केले. पुढे १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी ग्रंथच लिहिला, की निरोगी माणसेही गेलेल्याशी नाते तोडत नाहीत, ते निराळ्या रूपात चालू ठेवतात. १९९९ मध्ये मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट यांनी दाखवले, की शोक करणारा माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी रोजच्या कामाकडे, आणि ही ये-जा हीच प्रकृतीची खूण आहे. सकाळी रडून संध्याकाळी पोरांना फटाके आणून देणारा बाप दगडाच्या काळजाचा नसतो.

२०२२ मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेने दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला विकार म्हणून मान्यता दिली. प्रौढांत निदानासाठी किमान बारा महिने उलटलेले असावेत, अशी अट घातली. वर्षश्राद्धाची मुदतही तेवढीच. जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारी सहा महिने धरते, पण शोक त्या माणसाच्या समाजातल्या, संस्कृतीतल्या आणि धर्मातल्या रिवाजापेक्षा स्पष्टपणे जास्त असला पाहिजे, असेही सांगते. म्हणजे गोंदियात बसलेल्या डॉक्टरला तेरवी, इद्दत, लोसार आणि २ नोव्हेंबर माहीत असल्याशिवाय निदान करता येणार नाही. ज्यांना डॉक्टरपर्यंत पोचता येत नाही त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास फुकट मिळते, मराठीतही.

वर्षाच्या या नियमाला मात्र एक मोठे भगदाड आहे. मुलासाठी, भावासाठी, सुनेसाठी सण वर्षाने परत येतो. विधवेसाठी तो कित्येकदा येतच नाही. संक्रांतीचे हळदीकुंकू, लग्नातली ओटी, मंगळागौर, यांतून ती बाजूला होते ती कायमची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. ठराव करणे सोपे असते. हळदीकुंकवाला पहिले बोलावणे कोणी पाठवायचे, हा प्रश्न मात्र ग्रामसभेत सुटत नाही. गावाने निर्णय घेण्याचा फायदा जसा मोठा, तसा तोटाही. जिने सण परत मागितला तिला तो देण्याची तरतूद त्या वेळापत्रकात नाही.

काही मृत्यू कुठल्याच वेळापत्रकात बसत नाहीत. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. पाचच दिवसांनी संक्रांत होती. इतक्या लहान बाळांसाठी शास्त्रात पुरते सुतक नाही, तेरवी नाही, श्राद्ध नाही. आयांच्या दुःखाला कुठलीच रीत लागू नव्हती. नेमका इथेच नियम मुका होतो आणि घराला नाताळच्या ख्रिस्ती घरासारखे एकट्याने ठरवावे लागते.

आता कोण ठरवणार?

हे एकटेपण सगळ्यांच्याच दारी येऊ लागले आहे. धान कापून झाल्यावर गावात थांबणारी पोरे आता पुण्यात, हैदराबादेत, सुरतेत नोकरीला असतात. तेरवीला दोन दिवसांची रजा मिळते, वर्षभर सण न धरणारे घर कोणत्या शहरातल्या फ्लॅटमध्ये असायचे? झाकलेली ताटली आणणारी शेजारीण तिथे नसते. व्हॉट्सॲपवर आदल्या दिवशी श्रद्धांजली आणि दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या शुभेच्छा त्याच ग्रुपवर येतात. काही जण संकोचाने सण सोडतात, काही संकोचाने करतात. दोघांनाही आपले चुकले असे वाटत राहते.

याबाबत नाताळवाली घरे थोडी पुढे आहेत, कारण त्यांना ही सवय आधीपासून लागली आहे. त्यांच्यापुढे मार्ग निरनिराळे आहेत. कोणी तारा लावतो पण गव्हाणीत रोषणाई करत नाही. कोणी सगळे नेहमीसारखे करतो आणि पंचविसाच्या सकाळी उपासनेनंतर दफनभूमीत जाऊन येतो. एखादी सून सासूच्या हातच्या केकची वही काढते आणि तो जमला नाही तरी चालतो. एखादा म्हातारा त्या दिवशी मुद्दाम कामावर जातो, कारण रेल्वेची ड्युटी सणाला थांबत नाही. घरातल्या लहानग्यांना विचारले तर बहुतेकदा त्यांना सण हवा असतो आणि गेलेल्या आजोबांबद्दल बोलायलाही हवे असते. दोन्ही एकाच दिवशी. अडचण मोठ्यांची असते.

यांतला कुठलाही मार्ग बरोबर वा चूक नाही, पण एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. दिवाळीत दुखवट्याच्या घरी शेजारीण न विचारता येते. नाताळात आपण गेलो तर त्यांना आवडेल का, या संकोचाने शेजारी लांब राहतात. दुःखाच्या घरी डिसेंबरात जी शांतता असते ती पुष्कळदा शोकाची नसते, न आलेल्या लोकांची असते. गोवारी, बौद्ध, तिबेटी समाजांनी जे केले त्यात शोक किती दिवसांचा हा मुद्दा दुय्यम होता. तो सगळ्यांनी मिळून करायचा, हे आधी ठरले होते.

छोट्या मंडळीला हे करायला फार मोठी व्यवस्था लागत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅरोलची यादी तयार होते: कुठल्या रात्री कुठली गल्ली, कुणाच्या घरी चहा, कुणाच्या घरी शेवटचे गाणे. त्या वर्षी ज्या घरातले माणूस गेले आहे, तिथे कोणीतरी आधी जाऊन बसावे आणि यायचे का, काय गायचे, गेलेल्यांचे नाव प्रार्थनेत घ्यायचे का, हे विचारावे. काही घरे नको म्हणतील, तर तिथे गाणे न गाता दोघा-तिघांनी फराळ घेऊन जावे. पुढच्या डिसेंबरात यादी करताना ते घर गाळले जाणार नाही, एवढे मात्र सेक्रेटरीने आत्ताच वहीत लिहून ठेवावे.